सोसायटी ग्रुप: दाभोळला अडकलेले दोन सायकलवाले

मंदार (बी ३०४): मंडळी, माझी आणि कुलकर्णी काकांची गोव्याची सायकलस्वारी दाभोळला थांबली आहे. काल दुपारपासून फेरीबोट बंद. समोर धोपावे दिसतंय, मधे फक्त वाशिष्ठीची खाडी. वैताग आलाय नुसता.

नूपुरची आई: अहो पण ऑक्टोबर संपत आला, आता कसला पाऊस?

भिडे आजोबा (ए १०१): अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला की दिवाळीतसुद्धा झोडपतो. माझं बालपण गुहागरचं. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा कितीचा लावलाय?

मंदार: ३ नंबरचा.

भिडे आजोबा: म्हणजे खुद्द बंदरात सोसाट्याचा वारा. होड्या खाडीत आत आणून बांधल्या असतील बघ. कोळी लोक घरी बसलेत ना? मग तूही बस.

सौरभ (सी ५०२): चिपळूणवरून जा की! पूल आहे तिकडे.

मंदार: दापोली, खेड, चिपळूण, गुहागर. सव्वाशे किलोमीटरचा वळसा आहे, सगळा चढउतार. तरी आज पहाटे हट्टाने निघालो होतो. काका नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही. सुट्टी मोजून ९ दिवसांची आणि रोजचे किलोमीटर तुम्हाला इथे टाकतोय, त्यामुळे आकडा शून्य दिसायला नको, एवढंच डोक्यात. ११ किलोमीटर गेलो. सड्यावर वारा आडवा, हँडल धरवेना. उतारावर तांबड्या चिखलाने ब्रेकचे रबर खाल्ले, काकांची सायकल घसरली. खरचटलंय फक्त. परत फिरलो.

कुलकर्णी काकू (बी २०२): घसरली?? मला फोनवर म्हणाले, “छान आराम चाललाय.”

कुलकर्णी काका: 🙏

कुलकर्णी काकू: हात जोडू नका. गुडघ्याला तेल लावा.

सेक्रेटरी काका: टँकर ४ वाजता येईल. बी विंगसमोरच्या गाड्या काढा.

सौरभ: टेम्पोत टाका सायकली आणि थेट गोव्याला उतरा. कोण बघतंय!

कुलकर्णी काका: सौरभ, मी बघतोय ना! आता जरा सविस्तर लिहितो, वेळ भरपूर आहे. आम्ही ज्यांच्या घरी उतरलोय त्यांचं भात कालच कापून शेतात पडलं होतं. वर्षाचं पीक, आणि वरून हा पाऊस. मंदार सकाळी “माझे दोन दिवस वाया गेले” म्हणून कुरकुरत होता, तेव्हा घरमालक डोक्यावर इरलं घेऊन ओल्या पेंढ्या पडवीत आणत होते. मंदार गप्प झाला. मग आम्हीही गेलो हाताला हात लावायला. ओली पेंढी किती जड लागते ते आज कळलं. चूल पेटवून वर दांड्यांवर काही पेंढ्या वाळत घातल्यात. निम्मं तरी वाचेल, असं ते म्हणतात. मंदारने त्यांना विचारलं, कधी थांबेल हो? तर म्हणाले, “पाऊस काय तुमच्या सुट्टीला विचारून आला काय?”

नूपुरची आई: बिचारे. नुकसानभरपाईचे पंचनामे होतात ना?

कुलकर्णी काका: होतील तेव्हा होतील. सध्या चहा चाललाय.

मंदार: दुपारी चेन काढून रॉकेलने धुतली, घरून आणलेले नवे रबर बसवले. उघडीप मिळाली तेव्हा अंडा मशीद बघून आलो, आदिलशाही काळातली. चालत गेलो होतो. सायकलवरून गेलो असतो तर फोटो काढून दोन मिनिटांत पुढे पळालो असतो.

भिडे आजोबा: चंडिकादेवीलाही जाऊन ये. गुहेत आहे, आत काळोख असतो, बॅटरी ने.

(दुसऱ्या दिवशी, सकाळी ८.४०)

मंदार: बावटा उतरला! बोट सुरू झाली. पण पहिली सोडली. अंगणात पेंढ्या पसरायच्या राहिल्या होत्या, ऊन आत्ताच आलंय. ११ ची पकडू.

सौरभ: मग गोवा?

मंदार: गोवा राहू दे. हेदवी, जयगड, गणपतीपुळे करत दोन दिवसांत रत्नागिरी, तिथून सायकली रेल्वेच्या लगेजला टाकून परत. काकांच्या गुडघ्याचंही बघायला हवं.

कुलकर्णी काकू: आता कसं बोललास!

नूपुरची आई: रत्नागिरीहून येताय तर पेटी आणा की हापूसची 😄

भिडे आजोबा: ऑक्टोबरात?

कुलकर्णी काका: मेपर्यंत थांबतो मग. सवय झालीच आहे.

कुलकर्णी काकू: थांबा तिकडेच.