ब्राउझरमधील भाषांतर: छोट्या निरोपांची भाषा चुकीची ओळखली जाते

प्रश्न (कोरीपाटी):
नमस्कार. आमच्या निरोपांच्या वेब ॲपमधील मजकूर खासगी असल्यामुळे तो बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवायचा नाही, असे ठरवून मी क्रोममधील लँग्वेज डिटेक्टर (भाषा ओळखणारी) आणि ट्रान्सलेटर (भाषांतर करणारी) या एपीआय, म्हणजे ब्राउझरने संकेतस्थळाच्या कोडला वापरायला दिलेल्या सोयी, वापरत आहे. दोन अडचणी आल्या आहेत. दोन-तीन शब्दांच्या मराठी निरोपांना अनेकदा हिंदी ठरवले जाते. शिवाय ‘भाषांतर करा’ या बटणावर क्लिक केल्यानंतर मी आधी भाषा ओळखून मग ट्रान्सलेटर तयार करतो, तेव्हा नव्या संगणकांवर कधीकधी परवानगी नाकारल्याची त्रुटी येते. तोच कोड माझ्या संगणकावर मात्र बिनतक्रार चालतो.

उत्तर (शब्दवेध):
पहिल्या अडचणीत दोष मॉडेलचा कमी आणि मजकुराचा अधिक आहे. ‘धन्यवाद’ एवढाच निरोप असेल, तर तो मराठी, हिंदी की नेपाळी हे माणसालाही सांगता येणार नाही, कारण लिपी एकच आणि शब्दही एकच. ‘ळ’ किंवा ‘आहे’ आले की चित्र पालटते. डिटेक्टर एकच उत्तर देत नाही, तर संभाव्य भाषांची यादी विश्वासांकासह (ओळख किती खात्रीची, हे सांगणाऱ्या 0 ते 1 मधल्या आकड्यासह), उतरत्या क्रमाने देतो. तुम्ही बहुधा तिच्यातील पहिले नाव डोळे झाकून घेत आहात. विश्वासांक कमी असल्यास त्याच व्यक्तीचे आधीचे काही निरोप एकत्र करून तपासावेत आणि तरीही शंका राहिली, तर भाषा निवडण्याचे काम वाचणाऱ्यावर सोपवावे. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीबाबत तर मी डिटेक्टरवर मुळीच विसंबणार नाही.

उत्तर (खटपट्या):
दुसऱ्या अडचणीचे कारण तुमच्या क्रमात आहे. भाषांतरासाठी संगणकावर लागणारा भाषासंच अजून उतरवलेला (डाउनलोड केलेला) नसेल, तर ट्रान्सलेटर तयार करण्यासाठी वापरकर्त्याची ताजी कृती लागते आणि क्लिकचा हा ताजेपणा काही सेकंदच टिकतो. डिटेक्टरचे मॉडेल उतरण्यातच तो वेळ गेला, की पुढची विनंती नाकारली जाते. तुमच्या संगणकावर सगळे आधीच उतरलेले असल्याने हा दोष झाकला जातो. म्हणून भाषा आधीच ओळखून ठेवा आणि क्लिक होताच थेट ट्रान्सलेटर तयार करा. उतरण्याची प्रगती कळवणारी घटना (इव्हेंट) उपलब्ध आहे. ती प्रगती दाखवली नाही, तर लोकांना बटण बिघडले असे वाटते.

भाषासंच उपलब्ध आहे का, असे एपीआयला विचारल्यावर मिळणाऱ्या उत्तरावरही फार भिस्त ठेवू नका. संच संगणकावर असला, तरी तुमच्या साइटने त्या दोन भाषांच्या जोडीचा ट्रान्सलेटर पूर्वी तयार केलेला नसेल, तर ‘उतरवता येईल’ असेच उत्तर मिळू शकते. उतरलेल्या भाषांवरून वापरकर्त्याची ओळख पटू नये, म्हणून ही लपवाछपवी मुद्दाम केलेली आहे, आणि मला ती योग्यच वाटते.

उत्तर (शब्दवेध):
एक भर घालतो. मराठीतून हिंदीत जाताना मजकूर मधे इंग्रजीतून जातो. तिथे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक पुसला जातो, त्यामुळे वरिष्ठांना लिहिलेला निरोप पलीकडे एकेरीत उतरू शकतो. मूळ मजकूर भाषांतराशेजारी दिसत राहील, अशी सोय ठेवा.

कोरीपाटी:
क्रम बदलल्यावर त्रुटी थांबली. एपीआय डेस्कटॉप क्रोममध्ये 138 व्या आवृत्तीपासून असल्याने, ती जिथे सापडत नाही तिथे बटणच दाखवत नाही. विश्वासांकाची मर्यादा मात्र अजून ठरवतो आहे, 0.8 ठेवली, तर छोटे निरोप जवळजवळ सगळेच ‘भाषा निवडा’कडे जातात.