मदत हवी आहे: पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय, अख्खी रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग) बदलू की सील किट (ऑइल अडवणाऱ्या रबरी सीलांचा संच) पुरेल?

मंडळी, गाडी 2010 ची डिझेल, स्टिअरिंग हायड्रॉलिक. राहायला गोव्यात शिवोलीला. रोज सकाळी गाडी काढली की खालच्या लाद्यांवर लालसर, चिकट डाग असतो. स्टिअरिंग ऑइलच्या डबीत ऑइल भरलं की सगळं ठीक. पातळी मिनच्या (किमान खुणेच्या) खाली गेली की वळवताना पंप कण्हायला लागतो आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना दंड भरून येतात.

पुठ्ठा पसरून पाहिला. थेंब पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला पडतात. पंपाकडचे होजपाइप आणि क्लॅम्प पुसून इंजिन चालू ठेवलं, तिथे कोरडं आहे. पण रॅकच्या टोकाचा रबरी बूट दाबला तर आतून ऑइल निथळतं, म्हणजे रॅकचंच सील गेलं असणार.

म्हापशातला एक मेकॅनिक म्हणतो अख्खी रॅक बदला, दुसरा म्हणतो सील किट पुरे. रॅकमधल्या शाफ्टवर (दांड्यावर) गंज किंवा ओरखडा असेल तर नवं सील टिकत नाही, आणि आपल्या खाऱ्या हवेत गंज नसेल तर नवलच! म्हणून रॅक खोलून शाफ्ट डोळ्यांसमोर दाखवेल असा माणूस हवाय. म्हापसा, पर्वरी, फोंडा, कुठेही चालेल. नंतर चाकांची अलाइनमेंटही करावीच लागेल, तर दोन्ही एकाच ठिकाणी झालं तर बरं.

गळती थांबवणारं औषध डबीत ओतायचा सल्ला कृपया नको.

चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय. ऑइल भरत भरत जाणं धोक्याचं वाटतं का?