शेड्यूलरच्या डीबग कोडमधला बग: तुमचे अनुभव सांगा

कुठल्या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) सीपीयू कधी द्यायचा, हे लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, शेड्यूलर ठरवतो. तो अडला की आपण त्याच्या डीबग कोडकडे, म्हणजे त्याची आतली स्थिती छापून दाखवणाऱ्या कोडकडे, धाव घेतो. पण बग तिथेच निघाला तर? ठाणे-नवी मुंबईत कर्नलवर काम करणाऱ्यांनी लिहावं. सुरुवात मी करते.

नौपाडा, ठाणे
भरपूर सीपीयूंचा सर्व्हर. काम संथ झालं म्हणून दोघांनी एकाच वेळी सिसरिक्वेस्ट-टी (सगळ्या टास्कची स्थिती छापायला लावणारी कर्नलची कमांड) मारलं आणि मशीन पॅनिक झालं, म्हणजे कर्नल स्वतःहून थांबलं. सीरियल कन्सोलवर एकेक ओळ रेंगाळत उमटत होती आणि तेवढा सगळा वेळ डीबगचं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरलेलं, इंटरप्ट (हार्डवेअरच्या हाका) बंद. दुसरा सीपीयू त्याच लॉकसाठी ताटकळत होता. अडकलेले सीपीयू हेरणाऱ्या वॉचडॉगने तो अडकला असं धरलं आणि मशीन पाडलं. लॉक हवं होतं कशाला, तर सीग्रुपचा (प्रोसेसच्या गटाचा) पाथ लिहायच्या एका सामाईक बफरसाठी (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेसाठी)!

मूळ लिनक्समध्ये ही दुरुस्ती 2021 सालीच झाली होती. आमचं कर्नल जुनं, म्हणून मी ती बॅकपोर्ट केली, म्हणजे त्यात बसवली. आता लॉक फक्त पाथ छापण्यापुरतं. मिळालं नाही तर वाट बघायची नाही. स्टॅकवरच्या (त्या फंक्शनच्या स्वतःच्या मेमरीतल्या) 128 बाइटच्या बफरात मावेल तेवढा पाथ आणि पुढे तीन टिंबं. अर्धवट पाथ चालेल, मशीन थांबता कामा नये, हा निर्णय मला फार आवडला. चार टर्मिनलांवरून एकदम मारून पाहिलं. डम्प शेवटपर्यंत आला.

ऐरोली
ताई, माझ्या बगने मशीन पडत नव्हतं, आकडा चुकत होता, आणि ते मला जास्त घातक वाटतं. जुन्या कर्नलमध्ये सीपीयू शून्याच्या तुलनेत व्हीरनटाइमचा (शेड्यूलरने मोजलेल्या, प्राधान्यानुसार तोललेल्या धावण्याच्या वेळेचा) फरक 'स्प्रेड-झीरो' म्हणून छापला जायचा. नॅनोसेकंदांचे दोन तुकडे होतात: मिलिसेकंद आणि दशांशानंतरचे सहा अंक. उणे चिन्ह फक्त पहिल्या तुकड्याला. फरक उणे 400000 असला की पहिला तुकडा शून्य, आणि शून्याला उणे कुठून येणार? छापलं जातं 0.400000. मागे पडलेला सीपीयू पुढे दिसतो. तीन दिवस मी लोड बॅलन्सिंगला (सीपीयूंमध्ये काम वाटण्याला) दोष देत होतो. शेवटी वहीत हाताने भागाकार मांडला तेव्हा उलगडलं. आमच्या कर्नल कोडच्या शाखेत चिन्ह वेगळं छापायला लावलं.

खारघर
मी अजून शिकतोय. शेड्यूलरची स्थिती दाखवणारी प्रॉकमधली शेड-डीबग फाइल लिनक्स 5.13 पासून डीबगएफएस या वेगळ्या फाइलसिस्टिममध्ये गेली, हे ठाऊक नव्हतं. कर्नल बदललं आणि ती वाचणारी माझी स्क्रिप्ट गप्प झाली. एक दिवस त्यात गेला.

कोपरखैरणे
कोड बरोबर होता, पण लिनक्सच्या मेलिंग लिस्टला पाठवलेला माझा पॅच (कोडमधला बदल) एचटीएमएल मेलमधून गेला म्हणून परत आला. साध्या मजकुरात पाठवला, तर 'फिक्सेस'ची ओळ राहिलेली. ज्या कमिटमुळे (नोंदवलेल्या बदलामुळे) बग शिरला त्याच्या हॅशची (ओळख-क्रमांकाची) पहिली बारा अक्षरं तिथे लागतात; गिट ब्लेम करत करत (कुठली ओळ कुठल्या बदलातून आली ते बघत) ती शोधली. तिसऱ्या आवृत्तीवर 'रिव्ह्यूड-बाय' (तपासून मान्य केल्याची ओळ) आलं तेव्हा मी घणसोली स्टेशनवर होतो. ठाण्याची गाडी सोडली आणि बाकावर बसून तो मेल पुन्हा वाचला.