मदत हवी आहे: डोम टेंटमध्ये पाणी आणि गारठा, काय बदल करू?

ओलाचिंब:
तीन माणसांचा डोम टेंट आहे, तळ ७ बाय ७ फूट. १९०टी पॉलिस्टर (टी म्हणजे विणीतल्या धाग्यांची संख्या), वॉटरप्रूफपणाचा आकडा लेबलवर १००० मिमी. फ्लाय (टेंटवरचं पावसाचं कापड) अर्धंच, टोपीसारखं, शिवणींना आतून टेप नाही. सकाळी तळावर पाणी, भिंती ओल्या. जुलैत राजमाचीला उधेवाडीत आणि डिसेंबरात पाचनईत (हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला) लावायचा आहे. बेत असा: सगळ्या टेंटला वॉटरप्रूफ स्प्रे, वरची जाळी प्लास्टिकने बंद (थंडीही अडेल), खाली मोठी ताडपत्री. चालेल का? सामान पुण्यात कुठे मिळेल?

कातळकडा:
थांबा, स्प्रे विकत घेऊ नका. आधी पाणी कुठलं ते बघा. गच्चीवर टेंट लावा, तळभर वर्तमानपत्र अंथरा आणि आत कुणी न बसता पाइपाने दहा मिनिटं पाणी सोडा. कागदावर शिवणीच्या रेषेत थेंब दिसले तर शिवण गळतेय. कडेकडेने कागद भिजला तर खालून येतंय. कागद कोरडा राहिला तर सकाळचं पाणी तुमच्याच श्वासाचं! दोघांच्या श्वासातून रात्रीत अर्धा लिटरच्या आसपास वाफ निघते. जाळी बुजवलीत की ती सगळी कापडावर जमणार, आणि ओल्या स्लीपिंग बॅगेत थंडी जास्तच वाजते. आतल्या कापडाला स्प्रे मारलात तरी तेच.

ताडपत्री टेंटच्या तळापेक्षा मोठी असेल तर फ्लायवरून उतरलेलं पाणी ती झेलते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणते. चारही बाजूंनी ५ सेंमी आत कापा. १००० मिमी म्हणजे मीटरभर पाण्याचा दाब, पावसाला पुरतो. पण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की दाब त्याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून तळाखाली ताडपत्री हवीच, फक्त लहान.

सुईदोरा:
शिवणीचं मी सांगते. क्लिअर सिलिकॉन सीलंट घ्या, व्हिनेगरसारखा वास येतो तो. अॅक्रिलिकवालं नको, तडकतं. काचेच्या बरणीत वजनाने १ भाग सिलिकॉन, २ भाग मिनरल टर्पेंटाइन घालून मधासारखं होईपर्यंत ढवळा. अर्धी वाटी पुरे. फ्लाय ताणून लावा, म्हणजे सुईची भोकं उघडतात. शिवण आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा आणि अर्धा इंची ब्रशने बाहेरून पातळ हात द्या. दोरे बांधायच्या पट्ट्यांची मुळं विसरू नका, पहिला थेंब बहुतेक तिथूनच येतो. २४ तास वाळू द्या, मग टाल्कम पावडर चोळा, नाहीतर घडी चिकटते.

सिलिकॉन आणि ताडपत्री बोहरी आळीत, आयपीए पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत.

ओलाचिंब:
आभारी आहे. हे आतून लावलं तर? दिसायला बरं. आणि अर्ध्या फ्लायचं काय करू?

सुईदोरा:
आतल्या बाजूला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असतो, बोट फिरवलं की गुळगुळीत लागतो. त्यावर सिलिकॉन धरत नाही, सालपट निघतं. आतूनच लावायचं तर पॉलियुरेथेनचं सीम सीलर (शिवण बुजवायचं द्रव्य) घ्या. थर चिकट होऊन कुबट वास मारत असेल तर तो मेलाय, फ्लाय बदला.

कातळकडा:
अर्ध्या फ्लायवर १२ बाय १२ फुटी ताडपत्री, मधे आडवी दोरी बांधून, टेंटपासून वीतभर वर. टेकली की उपयोग शून्य. दोरी पॉलिस्टरची, नायलॉन भिजून सैल पडतं. पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून ती बाजू जमिनीलगत, दार पूर्वेला. स्वस्त ताडपत्रीचे रिंग वाऱ्यात उपटतात, त्यावर विसंबू नका. कोपऱ्यात सुपारीएवढा गोटा ठेवून कापड त्याभोवती आवळा आणि गाठीखाली दोरी बांधा. कातळावर खुंटी शिरत नाही, तिथे दोरी मोठ्या दगडाला.

थंडीसाठी: गारठा जमिनीतून चढतो. १० मिमीची बंद पेशींची, म्हणजे पाणी न शोषणारी फोम मॅट अंगाखाली. एकट्या चंदेरी फॉइलने काही होत नाही. डिसेंबरात फ्लायच्या वाऱ्याकडच्या कडेला २० सेंमीची झालर शिवा, वरची जाळी मात्र उघडीच. शेगडी किंवा स्टोव्ह आत अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ओलाचिंब:
गच्चीवर चाचणी केली. कागद कोरडा, फक्त दाराच्या कोपऱ्यात, पट्टीच्या मुळाशी एक डाग. म्हणजे बाकी सगळं श्वासाचं! जाळी राहू दे, शनिवारी बोहरी आळी.