परसबागेतील घट्ट चिकणमाती : उंच वाफे पुरेत का? (मदत हवी आहे)

घरामागील ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद मोकळ्या जागेत भाजीपाला लावायचा आहे, परंतु आखणीपूर्वीच एका प्रश्नापाशी अडलो आहे. माती चिकण असून बांधकामाच्या वेळी दबून अतिशय घट्ट झाली आहे. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून एकदा पूर्ण जिरू दिला आणि पुन्हा भरून मोजले, तेव्हा पातळी तासाला जेमतेम १ सेंटिमीटरने उतरली. म्हणजे निचरा निश्चितच अपुरा आहे. ऊन पुरेसे आहे, पूर्वेकडील भागाला ६ ते ७ तास मिळते.

वाळू मिसळण्याचा सल्ला मी मुद्दाम टाळला, कारण चिकणमातीत थोडी वाळू घातल्यास ती मोकळी होण्याऐवजी अधिकच घट्ट बसू शकते. त्याऐवजी एका कोपऱ्यात २० सेंटिमीटर खणून भरपूर कंपोस्ट मिसळले. वरचा थर भुसभुशीत झाला खरा, पण दिलेले पाणी खालच्या घट्ट थरावर साचून राहिले आणि टोमॅटोची रोपे पिवळी पडली, याचे फार वाईट वाटले. खोल नांगरणी शक्य नाही, कारण ४० सेंटिमीटर खोलीवरून सांडपाण्याची नळी गेली आहे. शिवाय साचलेले पाणी बाहेर काढण्यासाठी उत्तरेची एकच बाजू मोकळी आहे.

अशा स्थितीत ३० सेंटिमीटर उंचीचे, तळ उघडा असलेले वाफे थेट या जमिनीवर उभारले तर चालतील का, की खालचा घट्ट थर आधी बागकामाच्या काट्याने (दातेरी फावड्याने) सैल करणे आवश्यकच आहे, आणि तसे असल्यास नळीला धक्का न लावता किती खोलीपर्यंत जावे?