आखेनच्या विद्यार्थी वसतिगृहाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझा भाचा ऑक्टोबरपासून आखेनला (जर्मनी) एम.एस.साठी चालला आहे. नशिबाने विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली, नाहीतर तिथली प्रतीक्षायादी म्हणजे दिव्यच! भाड्यात हीटिंग, वीज, इंटरनेट सगळं धरलेलं आहे.

अडलंय ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीपाशी. महिन्याला 18.36 युरो, तीही घरटी. टीव्ही नसला तरी. शेअर फ्लॅट असेल तर एकानेच भरायची आणि वाटून घ्यायची, इतकं कळलं. पण याची खोली लांबलचक कॉरिडॉरमध्ये आहे, स्वयंपाकघर मजल्यावर सगळ्यांत एक. मग ती खोली स्वतंत्र घर धरतात का? अशा खोलीत राहिलेल्यांनी प्लीज सांगा.

राहायला गेल्यावर 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठीचं घरमालकाचं पत्र वसतिगृह चावीबरोबरच देतं की मागावं लागतं?

आणि ताईचा प्रश्न (माझा नाही!): सामायिक स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली तर स्मोक अलार्म वाजतो का? ती तीन लिटरचा कुकर द्यायचं म्हणतेय, सामान आधीच 23 किलोच्या वर गेलंय. न्यावा की तिथेच घ्यावा?