प्रतिसाद: दोन मोबाईल, दोन टाळ्या आणि ध्वनीचा वेग

वर कुणीतरी म्हटलंय की मोबाईलवरचे प्रयोग म्हणजे एकट्याने स्क्रीन बघत बसणं, ते मला अजिबात पटत नाही. फायफॉक्स या फोनच्या सेन्सरने प्रयोग करायच्या ॲपमधलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच घ्या, दोन मुलं ५ मीटर अंतरावर, दोघांजवळ एकेक फोन, पहिल्याने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू आणि दुसऱ्याच्या टाळीने दोन्ही बंद, पण दोन्हीतल्या वेळा सारख्या येत नाहीत! फरक साधारण ०.०२९ सेकंद, कारण आवाजाला तेवढं अंतर दोनदा कापावं लागतं: एकदा दुसऱ्याचं घड्याळ सुरू करायला, एकदा पहिल्याचं बंद करायला. १० मीटरला ०.०२९ ने भागा, ३४५ मी./से.च्या आसपास येतं. फोन आपसात जुळवायचीही गरज नाही, हे तर फारच भारी. फक्त थ्रेशोल्ड (किती मोठ्या आवाजाने घड्याळ चालू-बंद व्हावं ती मर्यादा) नीट लावा नाहीतर कुजबुजीनेच घड्याळ सुरू होतं. प्रत्येक गटाला वेगळं अंतर द्या नि सगळ्यांचे बिंदू एकाच आलेखावर मांडायला लावा.